लिस्बन बघायचं कसं: चार दिवसांचा प्लॅन, खाण्यापिण्यासकट

युरोपला जाणारी आपली मंडळी पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम अशी माळ लावतात आणि लिस्बन राहून जातं, कारण नकाशात ते अगदी पश्चिमेच्या टोकाला आणि टूरवाल्यांच्या बसला तिथवर जाऊन परत येणं परवडत नाही. माझं म्हणाल तर उलटं आहे, कोकण, गोवा, वसई या पट्ट्यातल्या माणसाने युरोपात एकच शहर बघायचं ठरवलं तर ते लिस्बन असावं. वसई, चौल, कोर्लई, दीव, जुनं गोवं, हा सगळा कारभार जिथून चालायचा ती जागा इथे नदीकाठी आहे, आणि आपल्याकडे त्या किल्ल्यांच्या नुसत्या भिंती उरल्या तसं इथेही त्या काळातलं बरंचसं एका सकाळी भुईसपाट झालं.

फक्त बघायचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी ट्राम पकडून नदीकाठच्या बेलें भागात पळतात, मठ, बुरूज, टार्ट, फोटो, झालं. मग बाकीचं शहर म्हणजे नुसते चढ आणि रंगीत टाइल्स. त्यापेक्षा आधी भूकंपात पडून परत बांधलेला भाग, मग भूकंपातून वाचलेला, मग बेलें आणि शेवटी ट्रेनने सिंत्रा हे गाव असं करा, म्हणजे पैसा कुठून आला आणि गेला कुठे ते आपोआप जुळत जातं.

निघायच्या आधी

व्हिसा शेंगेनचा. ट्रिप नुसती पोर्तुगालची असेल किंवा तिथे सगळ्यात जास्त रात्री असतील तर अर्ज पोर्तुगालकडे करायचा, तो व्हीएफएस या व्हिसा सेंटरमार्फत जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज चालतो, नियमाने निदान १५ दिवस आधी तरी पाहिजे, पण उन्हाळी सुट्टीत अपॉइंटमेंटच मिळत नाही त्यामुळे दोन-तीन महिने आधी कामाला लागा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, वर सेंटरचा चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स निदान ३०,००० युरो कव्हरचा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनमध्ये शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झालीय, त्यामुळे दुसऱ्या युरोपियन एअरपोर्टवर इमिग्रेशन करून पुढचं विमान पकडणार असाल तर मधला वेळ दोन तासांपेक्षा कमी ठेवूच नका.

कधी जायचं? मार्चचा शेवट ते मे, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला ऊन कडक आणि गर्दी त्याहून कडक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस, थंडी बेताची, हॉटेलं स्वस्त. जूनचं वेगळं आहे, १२ जूनची रात्र म्हणजे संत आंतोनियुची जत्रा, गल्लोगल्ली सार्डिन भाजतात, कागदी पताका, गाणी, झोप विसरा. ज्यांना गर्दी आवडते त्यांनी मुद्दाम ती तारीख धरा, बाकीच्यांनी तो आठवडा टाळा.

बुटांचं आत्ताच सांगते, कारण तिथे गेल्यावर उपयोग नाही. लिस्बनचे फुटपाथ छोट्या छोट्या चुनखडीच्या दगडांचे, हाताने बसवलेले, दिसायला फार सुंदर आणि वर्षानुवर्षं पाय घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की उतारावर माणसं चक्क घसरतात. रबरी सोलचे, पकड असलेले बूट पाहिजेत. घरातली वडीलधारी माणसं सोबत असतील तर गुडघ्यांचा विचार करूनच प्लॅन करा, शहर टेकड्यांवर आहे आणि नकाशात पाच मिनिटं दिसतं ते चढावर पंधरा होतात.

राहायचं कुठे

बायशा किंवा रोसिउच्या आसपास हॉटेल मिळालं तर उत्तम, सपाट भाग आणि मेट्रो खाली. बजेट कमी असेल तर हिरव्या मेट्रो लाइनवर आंजुश, अरोयुश बघा, तिथे भारतीय किराणाही मिळतो. आल्फामात, म्हणजे किल्ल्याखालच्या जुन्या वस्तीत, अपार्टमेंट फोटोत फार गोड दिसतं पण तिथे गाडी जात नाही, दोन मोठ्या बॅगा घेऊन दगडी पायऱ्या चढायच्या असतील तर जा. बाइरु आल्तु म्हणजे रात्रभर बार, झोपायला जाणाऱ्यांसाठी नाही. बुकिंगच्या रकमेत सहसा न धरलेला सिटी टॅक्स असतो, माणशी रात्रीला ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्री, १३ वर्षांखालच्या मुलांना नाही. तो हॉटेलवर वेगळा मागतात, फसवतायत असं समजू नका.

उतरल्यावर

मुंबईहून थेट विमान नाही, मधे एक स्टॉप लागतोच, आखाती देशातून जा नाहीतर युरोपातून. एअरपोर्ट मात्र शहरातच आहे. बाहेर आलात की लाल मेट्रो लाइन तिथूनच सुरू होते, आलामेदाला उतरून हिरवी पकडायची की रोसिउ किंवा बायशा-शियादु. मशीनमधून नाव्हेगान्त नावाचं कागदी कार्ड घ्या, अर्ध्या युरोचं, माणशी एक लागतं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. त्यात पैसे भरून ठेवायचे, त्याला ते झॅपिंग म्हणतात, आणि तेच कार्ड मेट्रो, ट्राम, बस, फेरीला चालतं. ट्राममध्ये ड्रायव्हरकडून तिकीट काढलं तर जवळपास दुप्पट पडतं, म्हणून कार्ड हवंच. लिस्बोआ कार्ड, म्हणजे टुरिस्ट पास, घ्यायचं का? बेलेंचा मठ, म्युझियमं आणि सिंत्राची ट्रेन हे सगळं ज्या ४८ किंवा ७२ तासांत बसवणार त्यातच घेतलं तर वसूल होतं. नुसतं गल्ल्यांतून भटकणाऱ्याने घेऊ नये.

पैसे मुल्तिबांकु लिहिलेल्या बँकेच्या मशीनमधून काढा. टुरिस्ट भागातली सुटी उभी असलेली रंगीबेरंगी एटीएम टाळा, आणि कुठलंही मशीन रुपयात चार्ज करू का विचारत असेल तर नाही म्हणा, युरोतच करा. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

पहिला दिवस: पडलेलं शहर

सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकातून, प्रासा दु कुमेर्सिउ. पाण्यात उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या आणि दोन खांब आहेत तिथे सकाळी लवकर जाऊन उभे राहा. या चौकाच्या जागी राजाचा रिबेइरा राजवाडा होता आणि त्याला लागूनच कासा दा इंदिया, म्हणजे भारताच्या व्यापाराचं ऑफिस आणि गोदाम. मिरी, दालचिनी, कापड घेऊन आलेली जहाजं इथे मोजली जायची, राजाचा हिस्सा इथे बाजूला पडायचा.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला. लोक चर्चमध्ये होते, प्रत्येक वेदीवर मेणबत्त्या. इमारती कोसळल्या, लोक मोकळी जागा म्हणून नदीकडे धावले आणि नदीतून त्सुनामी आली, आणि पडलेल्या मेणबत्त्यांनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस जळत राहिली. राजवाडा, कासा दा इंदिया, कागदपत्रं, लायब्ररी, सगळं गेलं. राजा जुझे पहिला त्या दिवशी शहराबाहेर होता म्हणून वाचला, पण त्याने एवढी धास्ती घेतली की पुढे दगडी छताखाली राहायला तयारच होईना, आजुदाच्या टेकडीवर लाकडाचा आणि कापडाचा राजवाडा बांधून मरेपर्यंत तिथे राहिला. कारभार बघितला मंत्र्याने, त्याला आपण पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखतो.

आता कमानीतून आत शिरा, रुआ आउगुश्ताने सरळ चालत जा आणि दुकानांकडे न बघता रस्त्यांकडे बघा. सगळे काटकोनात, इमारती एका उंचीच्या, एका चेहऱ्याच्या. हे पोंबालचं शहर. भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा सांगाडा बसवलाय, भूकंपात हलेल पण मोडणार नाही असा, आणि तो टिकतो का बघायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं होतं असं सांगतात. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, म्हणून एक जागा सांगते. रुआ दुश कुरेइरुशवर एका बँकेच्या तळघरात खोदकाम करून ठेवलंय, गाइड घेऊन फुकट दाखवतात, आधी वेळ घ्यावी लागते. तिथे रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या आहेत आणि त्याच्या वर पोंबालच्या इमारतींना पेलणारे लाकडी खुंट. खारवलेल्या माशांचं वेड या गावाला किती जुनं आहे ते तिथे कळतं.

पुढे रोसिउ चौक. उत्तरेला पांढऱ्या खांबांचं नॅशनल थिएटर आहे, त्याच जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या कोर्टाचा वाडा होता. गोव्यात १५६० ला जे सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं त्याचं मूळ इथे. थिएटरच्या उजव्या बाजूने मागे गेलात की साओ दुमिंगुश चर्च लागतं, आणि पहिल्या दिवसातली ही एक जागा अजिबात चुकवू नका. बाहेरून साधंच आहे. आत गेल्यावर आधी वास येतो की काय असं वाटतं, कारण खांब जळलेले आहेत, दगडाचे पापुद्रे निघालेत, कडा फुटून तिरप्या झाल्यात, आणि वर छत मात्र नवं, विटकरी रंगाचं. १९५९ साली इथे आग लागली आणि नंतर दुरुस्ती करताना त्यांनी जखमा तशाच ठेवल्या. बाहेरच्या चौकात एक स्मारक आहे, १५०६ साली याच ठिकाणाहून ज्यूंची कत्तल सुरू झाली त्याचं. शेजारी लोक छोट्या पेल्यात जिंजिन्या पीत उभे असतात, आंबट चेरीची गोड दारू, १८४० पासूनचं एक एवढंसं दुकान आहे. पेल्यात चेरी घालून हवी का नको एवढंच विचारतात. घालून घ्या.

दुपारनंतर वर शियादुला चढायचं. सांता जुस्ता नावाची १९०२ ची लोखंडी लिफ्ट आहे, तिच्यापुढे लांबच लांब रांग असते, तिथे उभं राहणं म्हणजे वेळ घालवणं. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनात शिरा, तिकिटाच्या गेटच्या अलीकडेच लांब सरकते जिने आहेत, एका टोकाला बायशा आणि दुसऱ्या टोकाला थेट शियादु, एक पैसा लागत नाही. वर आलात की १९०५ चा ब्राझिलैरा कॅफे, बाहेर कवी पेसोआचा पुतळा, आणि दोन पावलांवर १७३२ पासून चालू असलेलं बेर्त्रांद पुस्तकांचं दुकान.

मग कार्मु. १३८९ साली सुरू केलेला मठ, भूकंपात छप्पर गेलं ते परत घातलंच नाही, कमानी उभ्या आणि वर आकाश. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चेस बघितलेल्या माणसाला इथे एकदम ओळखीचं वाटतं. बाहेरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला रणगाडे उभे होते, आत बराकीत पंतप्रधान मार्सेलु काएतानु अडकलेला, संध्याकाळी शरण आला आणि जवळपास पन्नास वर्षांची हुकूमशाही संपली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशन खोचली. गोवा १९६१ ला मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं, या क्रांतीनंतर १९७४ च्या शेवटी करार झाला तेव्हा केलं.

दुसरा दिवस: वाचलेलं शहर

आल्फामा खडकाच्या टेकडीवर आहे म्हणून भूकंपात बरीचशी टिकली. वरून खाली उतरा, उलटं करू नका. २८ नंबरची पिवळी ट्राम प्रसिद्ध आहे, छोटीशी, लाकडी, १९३० च्या दशकातली. दहा वाजता मार्तिं मुनीजला रांग लागलेली असते आणि खिसेकापू त्याच ट्रामवर जगतात. बसायचंच असेल तर सकाळी आठच्या आत, नाहीतर रात्री जेवल्यावर. मोबाइल मागच्या खिशात नको, सॅक पोटावर. फ्युनिक्युलरबद्दल, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या ट्रामबद्दल, जुने व्हिडिओ बघून जाऊ नका, ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरिया फ्युनिक्युलरचा भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली, त्यानंतर सगळ्या तपासणीसाठी थांबवल्या होत्या, काय चालू आहे ते तिथे विचारूनच ठरवा.

किल्ल्यावर चढायची एक युक्ती आहे. बायशातल्या रुआ दुश फान्केइरुशवर एक सार्वजनिक लिफ्ट आहे, तिने वर जाऊन थोडं चाललं की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी, दोन्ही फुकट, अर्धा चढ वाचतो. साओ जोर्ज किल्ला ११४७ ला पहिल्या पोर्तुगीज राजाने मूर लोकांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून घेतला. खरं सांगायचं तर राजगड-रायगड बघितलेल्यांना किल्ला म्हणून तो काही विशेष वाटणार नाही, बरीचशी तटबंदी विसाव्या शतकात परत उभारलेली आहे, तिकीटही महाग आहे. नुसता नजारा हवा असेल तर सेन्योरा दु मोंत किंवा पोर्तश दु सोलवर जा, फुकट आहे आणि किल्लासुद्धा समोर दिसतो.

खाली उतरताना नकाशा बंद ठेवा. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून भाजी देता येईल, वाळत घातलेले कपडे, दारात बसलेल्या म्हाताऱ्या, कुणीतरी जिंजिन्या विकतंय. वाट चुकली तरी उतार तुम्हाला नदीकडेच आणतो. तळाशी कासा दुश बिकुश दिसेल, दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड. १५२३ मधे हे घर बांधलं ब्राश द आल्बुकेर्कने, गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कच्या मुलाने. आता तिथे लेखक जुझे सारामागुचं फाउंडेशन आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याच्या अस्थी.

पाय शिल्लक असतील तर टाइल्सचं म्युझियम, म्युझेउ दु आझुलेजु, बसने पंधरा मिनिटांवर. आधी चालू आहे का बघून घ्या. तिथे १७०० च्या सुमाराचं लिस्बनचं निळं-पांढरं चित्र आहे, सुमारे २३ मीटर लांब, नदीवरून दिसणारं भूकंपाआधीचं अख्खं शहर. काल ज्या चौकात उभे होतात तिथला राजवाडा त्यात शोधा, म्हणूनच हे पहिल्या दिवशी ठेवलं नाही.

संध्याकाळी फादु. हे गाणं याच गल्ल्यांतलं, मोरारिया आणि आल्फामाचं, २०११ पासून युनेस्कोच्या यादीत. एक गाणारी, एक साधी गिटार, एक बारा तारांची पोर्तुगीज गिटार. मोठ्या फादु हाउसला जेवणासकट ठरावीक किमान बिल असतं आणि जेवण त्या मानाने बेताचं. छोट्या ताश्कात, म्हणजे खानावळीत, जिथे गल्लीतलीच माणसं उठून गातात, तिथे मजा जास्त येते. दिवे मंद झाले की बोलणं बंद, चमचासुद्धा वाजवायचा नाही, बाकीचे लोक शूऽऽ करतात. लहान मुलं असतील तर दुपारी तासाभराचे कार्यक्रम असतात तिथे न्या.

तिसरा दिवस: बेलें

सोमवारी जाऊ नका, मठ आणि बरीचशी म्युझियमं बंद असतात. १५ नंबरची ट्राम किंवा काइश दु सोद्रेहून ट्रेन. ट्रेन रिकामी असते, लोकांना का सुचत नाही कोण जाणे.

जेरोनिमुश मठाचं तिकीट वेळेसकट ऑनलाइन काढा आणि पहिली वेळ घ्या. चर्चची रांग आणि मठाच्या आवाराची रांग वेगळी असते, बोर्ड वाचून उभे राहा. काम सुरू झालं १५०१-०२ मधे, राजा मान्युएलच्या काळात, आणि खर्च भागला आफ्रिका आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या मालावरच्या करातून, मुख्यतः मसाल्यांच्या. खांबांवर दोरखंड, प्रवाळ, पानं कोरलीयत, जहाजावरचं सामान दगडात आणल्यासारखं. आत शिरल्याबरोबर डावीकडे वास्को द गामाची कबर. हात जोडून आडवा झालेला पुतळा, खाली बाजूला जहाज कोरलेलं. हा माणूस ८ जुलै १४९७ ला इथल्याच किनाऱ्यावरून निघाला, मे १४९८ ला कालिकतला पोचला, आणि तिसऱ्या खेपेला १५२४ मधे कोचीला मेला, आधी तिथेच पुरला, हाडं नंतर पोर्तुगालला आणली आणि या मठात तर एकोणिसाव्या शतकात. समोर उजवीकडे कवी कामोंइश, त्याने वास्कोच्या सफरीवर महाकाव्य लिहिलं आणि स्वतः १५५३ मधे गोव्याला येऊन राहिला. पर्यटक फोटो काढून पुढे सरकतात. आपण जरा थांबावं, राग येईल, कुतूहल वाटेल, जे काय वाटेल ते वाटू द्यावं. माझ्या डोक्यात तिथे वसईच्या घंटा वाजत होत्या, १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर चर्चमधून आणलेल्या त्या घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला अजून आहेत. लुटीचा माल दोन्हीकडे गेला, प्रमाण फक्त फार वेगळं.

बेलेंचा बुरूज १५१४ ते १५१९ च्या दरम्यानचा. आतल्या अरुंद जिन्यासाठी तासभर रांगेत उभं राहण्यापेक्षा बाहेरून बघा, त्यात दुरुस्तीसाठी तो बंदही असतो. पश्चिमेच्या बाजूने कोपऱ्यातल्या छोट्या टेहळणी मनोऱ्याखाली नीट निरखा, एका प्राण्याचं झिजलेलं डोकं आहे. तो गेंडा, आपला गुजरातचा. दीवला किल्ला बांधू द्या म्हणून आल्बुकेर्कने सुलतान मुझफ्फरशहाकडे माणसं पाठवली, सुलतानाने किल्ल्याला नाही म्हटलं आणि बदल्यात गेंडा दिला. आल्बुकेर्कने तो गोव्याहून जहाजात घालून राजाला धाडला, २० मे १५१५ ला लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने गेंडा बघितलाच नव्हता. राजाने हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळून गेला. जर्मनीत चित्रकार ड्युररने न बघताच, एका वर्णनावरून आणि रेखाटनावरून, त्याचं चित्र काढलं आणि ते युरोपभर गेलं. पुढे राजाने तो पोपला भेट पाठवला, जहाज बुडालं, साखळदंडात बांधलेला बिचारा गेंडाही बुडाला.

दर्यावर्द्यांचं मोठं स्मारक, पाद्राओ, हे १९६० चं, हुकूमशहा सालाझारच्या काळातलं, त्यामुळे त्यातला गर्व जरा हिशोबात धरूनच बघा. समोर जमिनीवर जगाचा नकाशा आहे, कुठल्या साली कुठे पोचलो ते लिहिलेला. त्यावर आपला किनारा शोधायला मुलांना मजा येते.

आणि पाश्तैश द बेलें. १८३४ ला मठ बंद केले, मठातली कृती शेजारच्या साखरेच्या कारखान्याशी पोचली, १८३७ पासून हे दुकान. बाहेरची रांग पार्सलची असते, ती बघून घाबरू नका, सरळ आत जा, निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, टेबल पटकन मिळतं. गरम असतानाच खायचं, वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरून, पापुद्रा तोंडात कुडकुडला पाहिजे. दोन मागवा, एकात भागत नाही. यात अंड्याचा बलक भरपूर असतो, बिनअंड्यावाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

वेळ उरला तर परतताना प्राचीन कला म्युझियममध्ये बेलेंची सोन्याची कुस्तोदिया, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद ठेवायचं पात्र, बघा, वास्कोने पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाहून खंडणी म्हणून आणलेल्या सोन्याची, १५०६ ची.

चौथा दिवस: सिंत्रा, पटकन

रोसिउ स्टेशनवरून ट्रेन, चाळीस मिनिटं. पेना राजवाड्याचं वेळेचं तिकीट आधीच काढा, आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या गेटची नाही, गेटपासून वर चढायला अर्धा तास धरा. एका दिवसात दोनच जागा करा, पेना आणि रेगलैरा हा बागवाडा, जिथे २७ मीटर खोल उलटा मनोरा वाटावा अशी गोल जिन्याची विहीर आहे. शहरापेक्षा थंडी जास्त आणि धुकं कधीही, जॅकेट घ्या. युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, काबु दा रोका, बसने जमतं, वारा टोपी उडवतो.

खायचं काय

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. बाकाल्याऊ म्हणजे खारवलेला कॉड, हा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही, पूर्वीपासून न्यूफाउंडलंड-नॉर्वेकडून येतो, तरी यांचं राष्ट्रीय अन्न तेच. पहिल्यांदा बाकाल्याऊ आ ब्राश खा, कॉडचे धागे, बारीक तळलेला बटाटा आणि अंडं. भाजलेली सार्डिन जून ते सप्टेंबरच खावी. बिफाना म्हणजे पावात डुकराचं मांस, न खाणाऱ्यांनी नाव लक्षात ठेवा.

टेबलावर बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज न मागता आणून ठेवतात. ते फुकट नसतं. हात लावला तर बिलात येणार, नको असेल तर परत न्या म्हणायचं, न मागितलेल्या आणि न खाल्लेल्याचे पैसे कायद्याने घेता येत नाहीत. दुपारी प्रातु दु दिया, म्हणजे त्या दिवसाची थाळी, स्वस्त आणि पोटभर. कॉफी प्यायची तर बिका मागा, छोटी कडक, दुधाची हवी तर गलाओ.

शाकाहारी लोकांनी पाठ करायचं वाक्य: सें कार्न, सें पैश, सें प्रेझुंतु. मांस नको, मासा नको, हॅम नको. तिन्ही म्हणायचं, कारण हॅमला तिथे बरेच लोक मांसात धरत नाहीत. काल्दु व्हेर्द या पालेभाजीच्या सूपमध्ये सॉसेजचा तुकडा तरंगतो, नको म्हणून आधीच सांगा. पैशिन्युश दा ओर्ता नावात मासे असले तरी ती फरसबीची भजी आहे, मस्त लागते, अंडं असतं का विचारा. सेरा दा इश्त्रेला चीज जनावराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने नाही, काटेरी फुलाच्या अर्काने विरजवतात, म्हणून कडक शाकाहारी माणसालाही चालावं. जुन्या मठांच्या मिठाईत चरबी असू शकते, तोसिन्यु हा शब्द दिसला की थांबा.

जैन किंवा बिनअंड्याच्या जेवणासाठी लुमियारमधलं राधाकृष्ण मंदिर गाठा, मेट्रोने जाता येतं, तिथलं शाकाहारी कँटीन मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींनी चालवलेलं, कधी उघडं असतं ते विचारून जा. आणि कुठल्याही साध्या कॅफेच्या काचेत शामुसा दिसेल, आपला समोसा, गोवा आणि मोझांबिक फिरून आलेला, पण आत बहुतेक वेळा खिमा असतो. गोव्याची हॉटेलंही आहेत शहरात, शाकुती, सारपातेल, बेबिंका सगळं मिळतं. चौथ्या दिवशी पोळी-भाताची आठवण यायला लागली की तिकडे एक संध्याकाळ काढा, माझ्या मते त्यांची शाकुती मडगावपेक्षा सौम्य असते, मिरची वेगळी मागून घ्या.

येताना आणायचं तर माशांचे डबे सुपरमार्केटमधून घ्या, चकचकीत दुकानातला तोच प्रकार तिप्पट भावाने पडतो. जिंजिन्याची बाटली चेक-इन बॅगेत, मोज्यात गुंडाळून.